आरोपीला काका म्हणायचं नाही

"थांब, थांब. काय म्हणालीस त्याला?"

डोंगरवार सरांनी तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली. समोर लोकेश गहाणे डोक्याला टॉवेल गुंडाळून उकिडवा बसला होता. तेवढ्या तासापुरता तो सागवान चोर होता आणि मी त्याला पकडणारी वनरक्षक.

"हात वर करा म्हणाले, सर."

"त्याच्या आधी काय म्हणालीस?"

"काका," मी म्हणाले.

झाडाखाली बसलेल्या सगळ्या वर्गात खसखस पिकली. लोकेश माझ्याहून लहान. टॉवेलाखाली तोही खुदुखुदु हसत होता. सर मात्र हसले नाहीत.

"मोहुर्ले, आरोपीला काका म्हणायचं नाही. मामा नाही, दादा नाही, भाऊ नाही. नाव कळलं तर नाव घ्यायचं, नाही कळलं तर नुसतं 'तुम्ही'. आता हे तुला कोणत्या भाषेत सांगू बाप्पा?"

आमच्या कॉलेजात त्या वर्षी पदवीनंतरचा एक नवा कोर्स सुरू झाला होता. जंगलात कायदा राबवणारी माणसं तयार करायचा. वर्षभर कॉलेजात कायद्याची कलमं, आणि शेवटी दीड महिना चंद्रपूरकडच्या जंगलात तंबू ठोकून प्रत्यक्ष काम. फासे कसे शोधायचे, ठसे कसे वाचायचे, माल जप्त कसा करायचा, पंचनामा कसा लिहायचा, माणूस धरायचा कसा आणि धरल्यावर कोर्टात साक्ष कशी द्यायची, हे सगळं शिकवायला डोंगरवार सर होते. रेंजर म्हणून निवृत्त झालेले. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की नाल्यापलीकडची माकडं गप्प व्हायची.

काकाचं त्यांना एवढं वावडं का, ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांच्या हाताखालच्या एका गार्डाने वाघाच्या कातड्यासकट एक माणूस पकडला आणि पकडताना सवयीने त्याला मामा म्हणाला. पुढे कोर्टात वकिलाने नेमका तोच मामा धरला. हे दोघं नातेवाईक आहेत, घरात भांडण आहे, भाच्याने मामाच्या घरात कातडं नेऊन टाकलं, अशी कहाणी रचली. आरोपी सुटला. सर म्हणायचे, "अख्खा वाघ गेला माझा. एका मामाच्या पायी गेला."

कळत होतं मला. पण आमच्या गावात वडलांच्या वयाच्या माणसाला नुसतं "ओ, तुम्ही" म्हटलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण, ते दीड महिन्यात कुठून सुटणार? मी जीभ चावायची, घोकायची, आणि समोर टॉवेल गुंडाळलेला माणूस आला की तोंडातून काका बाहेर पडलेलंच असायचं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सरांनी मला मागे थांबवलं. "तू बाकी सगळ्यात पुढे आहेस. ठसे तर माझ्याहून बरे वाचतेस. पण सोंगात एकदा जरी काका निघालं तुझ्या तोंडातून, तर मी तुला पास करणार नाही. मग रडत यायचं नाही."

पास झाले नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. तालुक्याला आमच्या भाऊजींचं झेरॉक्सचं दुकान होतं. "हे जंगलाचं वेड उतरलं की दुकानात बस, मला माणूस पाहिजेच आहे," असं ते प्रत्येक सणाला न चुकता म्हणायचे. वाईट नव्हते भाऊजी. पण त्या दुकानातला तापलेल्या कागदाचा वास आला की माझा जीव घुसमटायचा. बाबांनी मला एकच वर्ष दिलं होतं, आणि ते संपत आलं होतं.

सोंग म्हणजे आमची शेवटची परीक्षा. नाव आम्ही मुलांनीच पाडलेलं. सर जंगलात खोटा गुन्हा मांडायचे. कुठेतरी तारेचे फासे, बकऱ्याचं मटण पोत्यात भरलेलं, वन विभागाच्या मालखान्यातलं एखादं जुनं कातडं. आणि आरोपी म्हणून झाडीपट्टीच्या नाटकात काम करणारा एखादा नट बोलवायचे. आम्ही कधी तोंड न पाहिलेला. त्याच्या हातात कुऱ्हाड द्यायचे, पण पात्याला गोणपाट गुंडाळलेलं, कुणाला लागू नये म्हणून.

सोंगाचा नियम एकच, पण कडक. सर लांब शिट्टी वाजवेपर्यंत नटाने नट असल्याचं कबूल करायचं नाही, आणि आम्ही त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्याच वर्गातल्या, आमच्या आधी गेलेल्या एका गटासमोर नटाने साप चावल्याचं सोंग घेतलं होतं. तोंडाला फेस काढला, डोळे फिरवले. पोरं घाबरून त्याला सोडून सरांना बोलवायला पळाली आणि इकडे साप चावलेला गडी माल घेऊन पसार. अख्खा गट नापास.

आमच्या गटात आम्ही तिघं. मी पुढारी, लोकेश, आणि ज्योत्स्ना निकुरे. ज्योत्स्ना कमी बोलायची, पण तिचा पंचनामा वकिलालाही कुठे बोट ठेवता येऊ नये असा. एप्रिल महिना होता. ऊन चढायच्या आत सरांनी आम्हाला पाणवठ्यावरून सोडलं. स्वतः दगडावर बसून थर्मासमधला चहा ओतत म्हणाले, "नाल्याच्या वरच्या अंगाला काहीतरी चाललंय अशी खबर आहे. जा. आणि मोहुर्ले…"

"नाही म्हणणार, सर."

नाला कोरडा होता. थोडं वर गेल्यावर त्याला दोन फाटे फुटत होते. डावीकडच्या फाट्याच्या तोंडाशी एक मोडलेली फांदी अशी ठेवलेली, की आंधळ्यालाही दिसावी. लोकेश तिकडेच वळला. पण उजवीकडच्या वाळूत मला पावलं दिसली. अनवाणी, ताजी, टाचेशी खोल गेलेली.

"ओझं घेऊन गेलाय माणूस," मी म्हणाले. "फांदी फसवायला ठेवलीय. सरांना आपण एवढे भोळे वाटलो का?"

लोकेशने मान डोलावली. ज्योत्स्नाने कॅमेरा काढून पावलांचा फोटो घेतला, शेजारी पट्टी ठेवून. सरांच्या हुशारीवर आपण मात केली म्हणून मी मनातून फुलून गेले होते.

पुढे झुडपात मोटारसायकलच्या क्लचची तार सापडली, फास आवळलेली. तिच्याभोवतीची माती उकरलेली होती. तिथून थोडं वर, एका मोहाच्या झाडाखाली तो उभा होता.

पन्नाशीचा माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात मळकी बंडी. पायाशी पळसाची पानं घालून झाकलेलं पोतं आणि गुंडाळलेलं कातडं. हातात कुऱ्हाड. आम्हाला बघून तो जागच्या जागी थिजला, आणि मग त्याने कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

काय नट शोधलाय सरांनी, असं मला वाटलं. आमचे खाकी कपडे, डोक्याला टोप्या. त्याच्या डोळ्यांत भीती अशी दिसत होती की नाटक वाटू नये. मी सरळ चालत त्याच्याकडे गेले. थांबले नाही, बिचकले नाही, कशाला बिचकणार? लोकेश डावीकडून, ज्योत्स्ना उजवीकडून, शिकवलं होतं तसं.

जवळ गेल्यावर माझं लक्ष पात्याकडे गेलं. गोणपाट नव्हतं. उघडं पातं, लख्ख धार लावलेलं. मला सरांचाच राग आला. एवढे काटेकोर सर, आणि आज गोणपाट विसरले? दोन्ही बाजूंनी पोरं येतायत, धक्काबुक्की झाली तर?

"अहो, असं काय?" मी त्याला दटावलं. "पात्याला काही गुंडाळायचं नाही का? कुणाला लागलं म्हणजे? द्या इकडे काका."

आणि हात पुढे केला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

ती माझ्या हातात आली तेव्हा मला त्या कुऱ्हाडीचं काही पडलं नव्हतं. मी काय बोलून बसले ते मला कळलं होतं. लोकेशने कपाळाला हात लावला. "गेलीस तू," तो माझ्या कानाशी पुटपुटला. मला भाऊजींचं दुकान दिसायला लागलं. मी कुऱ्हाड पायाशी ठेवली आणि चेहरा कडक करून उरलेली परीक्षा तरी नीट द्यावी म्हणून कामाला लागले.

"खाली बसा. नाव काय?"

"लटारू."

"आडनाव?"

"मोहुर्ले जी, मॅडम."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लोकेशला तर हसू आवरेना. सरांनी त्याला मुद्दाम माझंच आडनाव दिलं होतं. म्हणजे जीभ आणखी घसरावी! असा डाव फक्त डोंगरवार सरांनाच सुचणार, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

ज्योत्स्ना पोतं आणि कातडं उघडून बघत होती. "कातडं ओलं आहे गं," ती हळूच म्हणाली.

"भिजवलं असेल," लोकेश म्हणाला. "सर काही बाकी ठेवतात का?"

लटारूने हात जोडले. "मॅडम, जाऊ द्या मले. पाया पडतो तुमच्या. आज माह्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन हायेत. घरी बसून हायेत ते. त्याइले जेवाले घालाचं होतं, म्हणून आलो जी. पुन्हा नाही येत इकडे. आईची आण."

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बंडीच्या बाहीने तो नाक पुसत होता.

लोकेशने टाळ्या वाजवल्या. "वा! मान गये दादा. कोणत्या नाटक कंपनीत आहात? वडसाच्या का?"

लटारूने त्याच्याकडे असं पाहिलं की मला एकदम कसंतरी झालं. नटाने तरी असं बघायला नको, असं वाटून गेलं. पण सोंगाचा नियम आठवला. एका शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

"ताब्यातल्या माणसाला पाणी विचारायचं," ज्योत्स्नाने आठवण केली. मी माझी बाटली दिली. वरून धार धरून तो अर्धी बाटली पाणी प्यायला. मी विचारलं, कुठे लागलंय का? त्याने नाही म्हणून मान हलवली. त्याने काही झटापट केली नव्हती म्हणून आम्ही त्याचे हात बांधले नाहीत. सरांनी तसंच शिकवलं होतं, गरज नसताना माणसाला दोरी लावायची नाही. ज्योत्स्ना पंचनामा लिहायला बसली.

तेवढ्यात नाल्यातून कुणीतरी शिव्या देत वर येताना ऐकू आलं.

"अरे, तुम्ही इकडे काय करून राहिले जी? मी तिकडे कवापासून बसून हाओ! मुंगळ्यायनं फोडून खाल्लं मले. एवढी मोठी फांदी ठेवली, दिसली नाही का कोणाले?"

डोक्याला लाल फडकं, गालावर काजळाने काढलेला लांबलचक व्रण, पिळदार चिकटवलेली मिशी. एक टोक सुटून लोंबत होतं. खांद्यावर कुऱ्हाड, आणि तिच्या पात्याला गोणपाट गुंडाळलेलं.

तो जवळ आला. लटारूला पाहिलं, पोतं पाहिलं, पळसाच्या पानांवरचं रक्त पाहिलं, आणि पावलं मागे घेत म्हणाला, "हा कोन हाय?"

ज्योत्स्नाचं पेन थांबलं. लोकेशच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, कुणी पुसायला विसरल्यासारखं.

आमच्याइतकंच लटारूलाही कळलं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत सुटला. खाकी कपड्यांवर कुठे बिल्ला नाही, टोपीवर चिन्ह नाही. मग मिशीवाल्याकडे. मग माझ्याकडे.

"तुम्ही शिकाऊ पोट्टे हाय का?"

तो उठून उभा राहिला. सावकाश उठला. कुऱ्हाड माझ्या पायाशी होती, पात्याचं तोंड त्याच्याकडे. तो एक पाऊल पुढे आला असता तर तिच्यापर्यंत पोचला असता. लोकेश मागे सरकला, पाचोळा वाजला. नट तर कधीच एका खोडामागे गेला होता.

भीती मला तेव्हा वाटली. याच्या हातातून मी कुऱ्हाड मागून घेतली, एकटी पुढे जाऊन, दटावून, हे आता डोळ्यांसमोर आलं. त्याला जाऊ दिलं असतं तर आम्हाला कुणी नावं ठेवली नसती. आम्ही विद्यार्थी. पगार नाही, अधिकार नाही, हातात काठीसुद्धा नाही. डोळ्यांसमोर असा गुन्हा घडला तर साधा नागरिकही माणसाला धरून ठेवू शकतो, हे सरांनी शिकवलं होतं खरं. पण शिकवताना समोर लोकेश असायचा.

वाकून कुऱ्हाड उचलावी, तर माझी मान खाली जाणार. नाही उचलली तर ती तिथेच. काय म्हणावं? दीड महिनाभर घोकलेल्या त्या कडक आवाजातलं एकही वाक्य मला आठवेना. आठवलं ते एवढंच.

"काका, बसा."

या खेपेला ते निसटलं नव्हतं. मी विचार करून म्हणाले होते.

तो तसाच उभा.

"बसा ना. पाणी पाहिजे का अजून?"

मी बाटली पुढे केली. मग त्याने एक सुस्कारा टाकला आणि मोहाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसला. बाटली घेतली. त्यानंतर मी कुऱ्हाड उचलली.

"लोकेश, सरांना घेऊन ये," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

सर आले ते धावतच. त्यांच्यामागून वन विभागाचे, त्या भागावर नेमलेले दोन गार्ड. खोडामागून निघालेल्या नटाने त्यांना सगळी हकिकत माझ्याआधी सांगून टाकली, वर दोन-चार संवाद स्वतःच्या पदरचे घालून. सरांनी कातडं बघितलं, तार बघितली, ज्योत्स्नाचा अर्धा पंचनामा वाचला. माझ्याकडे बघितलंही नाही. लटारूला गार्डांच्या स्वाधीन केलं. पोत्यात चितळ होतं, मादी. लटारू नाला उतरून गेला तेव्हा लोकेश एका दगडावर बसून दोन्ही हात बघत होता. "मी टाळ्या वाजवल्या गं," तो म्हणाला.

निकाल सरांनी तंबूसमोर वाचून दाखवला. आमचा गट पास. माझं नाव आल्यावर ते थांबले.

"मोहुर्ले. नापास करणार होतो, पण नुसते दोन मार्क कापलेत. एकेका काकाचा एक."

"सर, दुसरा काका सोंगात नव्हता," मी म्हणाले. "तेव्हा ते खरं होतं."

"म्हणूनच कापला." त्यांनी चष्मा काढला. "तू आज वाचलीस, पोरी. पोरं वाचली. ते मला दिसतंय. पण हे प्रकरण आता कोर्टात जाईल. तिथे तुला तो काका आडवा येईल, तेव्हा मी काही करू शकणार नाही."

आणि तसंच झालं. प्रकरण उभं राहायला दोन उन्हाळे गेले. तोवर मी भरतीत निवडून आले होते, वनरक्षक झाले होते आणि खरा बिल्ला लावून साक्षीला उभी होते. तालुक्याचं कोर्ट. वर पंखा कुरकुरत होता. सर मागच्या बाकावर येऊन बसले होते, कुणी बोलावलं नसताना.

लटारू पिंजऱ्यात उभा होता. केस जास्त पिकले होते. त्याने पांढरा सदरा घातला होता, बहुतेक कुणाचा तरी मागून आणलेला.

सरकारी वकिलांचं सगळं सुरळीत झालं. मग त्याचे वकील उठले. गोड आवाजाचे, हसतमुख गृहस्थ.

"बाई, तुमचं आडनाव?"

"मोहुर्ले."

"आरोपीचं?"

"मोहुर्ले."

"योगायोग आहे." ते कागद चाळत राहिले. "कुऱ्हाड मागताना तुम्ही आरोपीला काय म्हणून हाक मारलीत?"

त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. नटाने गावोगाव हा किस्सा रंगवून सांगितला असणार. माझ्या जबाबात ते नव्हतं, लोकेश आणि ज्योत्स्नाच्याही नव्हतं. नुसतं 'तुम्ही' म्हणाले, एवढं सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. मी मागे पाहिलं. डोंगरवार सर पंख्याकडे बघत होते.

"काका म्हणाले," मी सांगितलं.

"किती वेळा?"

"कुऱ्हाड मागताना एकदा. नंतर बसवताना परत."

"काका." वकिलांनी तो शब्द कोर्टात सगळ्यांना नीट ऐकू जाईल असा उच्चारला. "म्हणजे वडलांचे भाऊ. महाराज, माझं म्हणणं असं आहे की साक्षीदार आणि आरोपी एकाच भाऊबंदकीतले आहेत. साक्षीदाराच्या वडलांचा आणि आरोपीचा बांधावरून जुना वाद आहे. पुतणीने शिकाऊ मुलांना हाताशी धरून, जंगलातून सरपण आणणाऱ्या काकाला…"

मला रडू यायला लागलं. खोट्याचं एवढं नाही वाटलं. माझ्या एका शब्दाने सरांचा आणखी एक गुन्हा हातचा चालला होता, आणि तो शब्द मी परत गिळूही शकत नव्हते. कारण त्या दिवशी माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"नाही जी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिंजऱ्यात लटारूने हात वर केला होता, शाळेतल्या मुलासारखा.

"तुम्ही बोलू नका," त्याचे वकील पटकन म्हणाले.

"बोलू द्या ना जी. हे खोटं हाय. ही पोरगी माह्या नात्यातली नाही. हिचा बाप मी पाह्यला नाही, ना हिचा बांध पाह्यला. काका तर सारेच म्हणतेत मोठ्या मानसाले." तो न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, हिनं मले पानी देल्लं. मी हिच्यावर असं कसं येऊ देऊ? चितळ मीच मारलं. फास माहाच होता."

वकिलांनी हातातले कागद टेबलावर टाकले. न्यायाधीशांनी लटारूला नीट समजावलं, याचा अर्थ काय होतो, शिक्षा काय होऊ शकते. विचार करायला वेळ दिला, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारलं. तो तेच म्हणाला.

शिक्षा झाली त्याला. संध्याकाळी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तो पोलिसांसोबत गाडीची वाट बघत बसला होता. मी त्याच्यापर्यंत गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते.

"पाव्हणे आले होते ना त्या दिवशी? खरंच?"

"हो ना जी. गेले निघून. मंग दुसरीकडे जमलं तिचं. बरं हाय आता, लेकरू हाय." मग काहीतरी आठवल्यासारखा म्हणाला, "तो पोट्टा टाळ्या कायले वाजवत होता?"

मी त्याला सोंगाचं सगळं सांगितलं. नट, गोणपाट, शिट्टी, सगळं. तो ऐकत राहिला आणि एकदम खो-खो हसायला लागला. शेजारचा पोलीसही दचकला.

"म्हणजे तू मले भ्यालीच नाही?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा भ्याले."

त्याचं हसू ओसरलं. तो लिंबाच्या खाली पडलेल्या काड्या बोटाने बाजूला करत राहिला.

"मीही दुसऱ्यांदाच भ्यालो, माह्याच हाताले," तो म्हणाला. "पहिल्यांदा काही कराचं मनातच नव्हतं. दुसऱ्या खेपेला होतं. तुह्या पायापाशी कुऱ्हाड होती. तू वाकशीन, याचीच वाट पाहून राह्यलो होतो."

"मग?"

"मंग तू बसा म्हनली ना, माय. पानी पाहिजे का म्हनली." त्याने वर पाहिलं. "मानसानं काय करावं मंग?"

गाडी आली. तो उठला, सदरा झटकला आणि पोलिसांच्या आधीच गाडीत चढून बसला.

आता मीच शिकवते. तंबू तसेच असतात, नट झाडीपट्टीतूनच येतो, गोणपाट मी स्वतः गुंडाळते. दर वर्षी एखाद्या पोराच्या नाहीतर पोरीच्या तोंडून काका निघतंच. मग मी शिट्टी वाजवते आणि ओरडते, आरोपीला काका म्हणायचं नाही, वकील पकडतात. वकिलाचं सगळं सांगते. पुढचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मार्क कापते, एकेका काकाचा एक. पण काका म्हणाला म्हणून आजवर कुणाला नापास केलेलं नाही.